गिरणीचा शिक्का आणि भिवंडीचा ताका

व्यापारी बांधवांनो, ज्यांनी १९८२ साली कापडाच्या दुकानात गादीवर बसून माल विकला असेल, त्यांना एक गोष्ट आठवत असेल. मुंबईच्या गिरण्यांत संप चालू होता. भोंगे बंद, चिमण्या थंड, गिरणगावातली चाळ उधारीवर जगत होती. तरीही गिरण्यांच्या नावाचे कापड बाजारातून नाहीसे झाले नव्हते. ताके येत होते, काठावर गिरणीचे नाव होते, आणि गिऱ्हाईक ते नाव पाहून नेहमीचा भाव देत होते. गिरणी बंद आणि गिरणीचे कापड चालू, असा तो चमत्कार होता.

त्यात चमत्कार काही नव्हता. ते कापड भिवंडीत आणि इतर यंत्रमाग केंद्रांत विणले जात होते. कोरे कापड तेथून उचलायचे, धुलाई, रंगाई, छपाई करून घ्यायची, काठावर आपला शिक्का मारायचा आणि बाजारात सोडायचे. संपापूर्वीही हे थोडेफार चालत होते. संपात ते उघड झाले, वाढले आणि पुढे तीच रीत झाली. ज्या हातांनी ते विणले त्यात आपले हात पुष्कळ होते. म्हणून या हकिकतीचा हिशोब इतरांनी लिहिण्याआधी आपणच मांडावा, असे आम्हांस वाटते.

नफा ही वाईट गोष्ट नव्हे. ज्याला नफा नको त्याने दुकान उघडू नये. पण मोठी कंपनी जेव्हा नफा हेच एकमेव माप धरते, तेव्हा ती धंद्यातली जोखीम आपल्या अंगावरून काढून कोणाच्या तरी अंगावर टाकते. ते अंग कोणाचे, हे लहान कारखानदाराने वेळीच ओळखले पाहिजे.

गिरणीमालकांचे गणित

मुंबईत कापडगिरणीची कंपनी प्रथम कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली काढली; ताडदेवची ती गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढच्या शंभर वर्षांत गिरण्यांनी मुंबई उभी केली. १९५०-५१ साली देशातील एकूण कापडापैकी सुमारे चार पंचमांश कापड गिरण्यांचे होते. दोन महायुद्धांच्या काळात तर मालकांनी पैसा अक्षरशः ओढला. त्या पैशांतून जुने साचे बदलायचे होते, नवे माग आणायचे होते. काही मालकांनी ते केले, हे मान्य केले पाहिजे. पण बऱ्याच मालकांनी गिरणीची कमाई दुसऱ्या उद्योगांकडे वळवली आणि गिरणीला आजोबांच्या काळातल्या यंत्रांवर ओढत ठेवले. दुभत्या म्हशीला पेंड न घालता दूध काढत राहिले, असा हा प्रकार.

मालकांच्या तक्रारीतही काही तथ्य होते. गिरणीच्या कापडावर अबकारी कर बसे. यंत्रमागाला त्यात मोठी सवलत होती. गिरणीत कायद्याचा पगार, प्रॉव्हिडंट फंड, विमा, बोनस. यंत्रमागाच्या पत्र्याच्या शेडमध्ये यांपैकी क्वचितच काही. पण या तक्रारीवरचा मालकांचा उपाय पाहा. यंत्रमाग स्वस्त पडतो ना, मग आपली गिरणी सुधारण्यापेक्षा त्याच्याकडूनच विणून घ्या.

कामगारांची बाजू आपल्या वाचकांना थोडी माहीत असेल. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघटना मानली जाई, आणि कापडगिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ होती. कामगाराला ती नको असली तरी मालकाशी बोलणी तिनेच करायची. हजारो बदली कामगार रोज सकाळी फाटकापाशी उभे राहत. काम मिळाले तर मिळाले. ऑक्टोबर १९८१ मध्ये बोनसवरून असंतोष भडकला, कामगार डॉ. दत्ता सामंतांकडे गेले आणि १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला.

तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. तो विरून गेला. मालकांनी तडजोडीची घाई केली नाही. गोदामांत न विकलेला माल पडून होता, तो आधी खपवायला संप सोयीचाच ठरला, असे कामगारांचे म्हणणे होते. त्यानंतर माल लागला तो बाहेरून विणून मिळत होता. सरकार हलेना. डॉ. सामंतांनीही परतीचा रस्ता ठेवला नव्हता, असे आमचे मत आहे. पण उपाशी बसलेल्या कामगाराला त्याबद्दल दोष देववत नाही. १९८३ मध्ये केंद्राने मुंबईच्या १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. हजारो कामगार पुन्हा कधी कामावर गेले नाहीत. कोणी कोकणात, कोणी घाटावर गावी परतले, कोणी फूटपाथवर भाजी मांडली, आणि काही जण भिवंडीच्या शेडमध्ये माग चालवायला आले. ज्या कामाचा गिरणीत पगार मिळे, त्याच कामाची तेथे मीटरवर मजुरी मिळू लागली आणि ती बरीच कमी होती.

माणसांमागोमाग यंत्रेही आली. गिरण्यांनी भंगार म्हणून काढलेले साचे भिवंडीच्या कारखानदारांनी विकत घेतले, तेलपाणी केले आणि चालवले. जोडीला जून १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने यंत्रमागांवरची जुनी बंधने सैल केली आणि न चालणाऱ्या गिरण्या बंद करण्याची वाट मोकळी केली. २००० नंतर देशाच्या कापडात गिरण्यांचा वाटा ५ टक्क्यांच्याही आत आला आणि निम्म्याहून अधिक कापड यंत्रमागांवर निघू लागले.

हा आकडा ऐकून आपली छाती फुगते. गिरणी हरली, माग जिंकला! १८५७ नंतरच्या काळात उत्तरेतून पायी निघालेल्या मोमीन विणकरांनी मालेगावात आणि भिवंडीत माग टाकले, त्यांच्या नातवंडांनी मुंबईच्या शेठांना मागे टाकले, असे भाषणांतून सांगितले जाते. आता वही उघडू या.

एका मागाचा हिशोब

भिवंडीत आणि मालेगावात स्वतःचे सूत घेऊन स्वतःचा माल विकणारे कारखानदार आहेत. पण फार मोठी संख्या मजुरीवर विणणाऱ्यांची. सूत किंवा भरलेला बीम व्यापाऱ्याचा, कापड व्यापाऱ्याचे, मध्ये दलाल. कारखानदाराची जागा, माग, वीज आणि माणसे. त्याला मिळते ती पिकाच्या दराने मजुरी. दर एका पिकाला इतके पैसे असा ठरतो. इंचात जितके पीक तितक्याने गुणले की मीटरची मजुरी निघते.

खालचे दर आम्ही केवळ गणित सोपे व्हावे म्हणून घेतले आहेत. ते कोणत्याही एका वर्षाचे बाजारभाव नव्हेत. वाचकांनी आपापले दर घालून हाच हिशोब करावा.

साधा माग मिनिटाला १६० पीक टाकतो असे धरा. १२ तासांच्या पाळीत १,१५,२०० पीक होतात. धागा तुटणे, कांडी बदलणे, वीज जाणे यांत पाचवा हिस्सा वजा गेला तर ९२,१६० उरतात. कापड इंचाला ५२ पिकांचे असेल तर १,७७२ इंच, म्हणजे पाळीला ४५ मीटर. दर पिकाला ६ पैसे धरला तर मीटरला ३ रुपये १२ पैसे. ४५ मीटरचे झाले १४० रुपये ४० पैसे.

आता खर्च. विणकराला मीटरला १ रुपया ४० पैसे, म्हणजे ६३ रुपये. विजेचे ८ युनिट, ४ रुपयांनी ३२. कांडीवाला, मुकादम, जागेचे भाडे, तेल, शटल, पिकर, पट्टा मिळून २५ रुपये. एकूण १२० रुपये. हातात उरले २० रुपये ४० पैसे. बहुतेक कारखानदार येथे वही मिटतात. आठ माग, दोन पाळ्या, म्हणजे दिवसाला सव्वातीनशे रुपये सुटले, असे समाधान मानतात.

वही येथे मिटायची नसते. व्यापारी डागाच्या नावाने वटाव कापतो. तो २ टक्के धरला तर २ रुपये ८० पैसे गेले. पैसे दोन महिन्यांनी येतात. तोवर विणकराला आपण दर आठवड्याला देतो, विजेचे बिल दर महिन्याला भरतो. तो पैसा कोठून तरी उसना आणलेला असतो किंवा घरातला अडकलेला असतो. बाजारात त्याची किंमत महिना दीड टक्का धरली तर दोन महिन्यांचे ४ रुपये २० पैसे. माग ३०,००० रुपयांचा, दहा वर्षे चालणार, वर्षाला ६०० पाळ्या; पाळीला ५ रुपये त्याची झीज. हे तिन्ही वजा करा. उरले ८ रुपये ४० पैसे.

आठ मागांच्या सोळा पाळ्यांचे मिळून दिवसाला १३४ रुपये ४० पैसे. यात दोन भावांची पहाटेपासून रात्रीपर्यंतची देखरेख आली आणि घरातल्या बायकांनी भरलेल्या कांड्या आल्या. बीम वेळेवर आला नाही त्या दिवशी भाडे मात्र चालूच. या उदाहरणातले कारखानदार मालक म्हणवून घेतात, पण दोघा भावांत मिळून पडते ते त्यांच्या एका विणकराच्या मजुरीइतकेही नाही; कारण चार माग सांभाळणारा विणकर पाळीला २५२ रुपये नेतो.

आमच्या ओळखीचे एक वयस्कर कारखानदार चाचा आहेत. त्यांना हा हिशोब दाखवला तेव्हा ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मियाँ, माग चालू होता एवढेच आम्ही पाहिले. चालतोय म्हणजे कमावतोय, असे वाटायचे."

गिरणीच्या मालकाने नेमके काय वाचवले, ते आता दिसेल. गिरणीत माग बंद पडला तर तोटा मालकाचा होता. कामगाराच्या आजाराचा, म्हातारपणाचा, अपघाताचा काही भार कायद्याने त्याच्यावर होता. मंदीत गोदाम भरले तरी पगार द्यावा लागे. हे सगळे त्याने भिंतीबाहेर काढून आपल्या शेडमध्ये आणून ठेवले. मंदी आली की बीम पाठवायचा नाही, एवढेच त्याला करायचे होते. नाव, शिक्का आणि बाजार मात्र त्याने आपल्याकडे ठेवला, कारण नफा त्यात होता.

विणकर आणि गिऱ्हाईक

आपण ही जोखीम आपल्याजवळ ठेवली का? तीही खाली सरकवली. येथे थोडे कडू बोलावे लागेल. त्या काळच्या कारखाने कायद्याप्रमाणे वीज वापरून १० कामगार असतील तर कायदा लागू होई. म्हणून एका छपराखाली चार कारखाने कागदोपत्री दाखवले गेले. एक भावाच्या नावे, एक बेगमच्या, एक मेहुण्याच्या. प्रत्येकात कामगार नऊच्या आत. उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून आलेला विणकर बारा तास उभा राहून माग चालवतो, भिशीत जेवतो, दुसऱ्या पाळीचा माणूस उठला की त्याच्या जागी आडवा होतो. त्याचे नाव पुष्कळ ठिकाणी हजेरीत नसते. कानाला कमी ऐकू येऊ लागले, छातीत कापसाचे तंतू जाऊन दमा लागला, तर तो गावी जातो आणि दुसरा येतो. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. तेवढ्या एका दिवशी शहरात माणसाचा आवाज माणसाला नीट ऐकू येतो.

हे केवळ वरच्या शेठमुळे घडले असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. पिकाचा दर दोन पैशांनी पडला की आपण आधी विणकराचा दर पाडतो, व्यापाऱ्याशी भांडण नंतर. तो व्यापारीही वरून आलेला दर पुढे ढकलत असतो.

उरले गिऱ्हाईक. काम स्वस्त झाले म्हणून त्याला कापड त्याच मानाने स्वस्त मिळाले असते, तर निदान एका पक्षाचे भले झाले असे म्हणता आले असते. साध्या, बिनशिक्क्याच्या मालात ते काही अंशी झाले. गरिबाच्या अंगावर दोन कपडे जास्त आले, हे खरे. पण शिक्क्याच्या कापडाला गिऱ्हाईक गिरणीच्या नावाचा भाव देत राहिले. गिरणीचे नाव म्हणजे गिरणीची तपासणी, सारखा पोत, पक्का रंग, असे ते समजत होते. शेडमध्ये पीक कमी टाकून कापड हलके केले आणि खळीने जड केले, तर ते दुकानात हाताला भरीव लागते. पहिल्या धुण्यात खळ उतरते आणि जाळी दिसते. अशा गिऱ्हाइकाची तक्रार ऐकायला काउंटरवर कोण असते? आपणच. वस्त्र ग्राहक संरक्षण नियम १९८८ साली आले आणि कापडावर उत्पादकाचे नाव व धाग्यांचे प्रमाण छापण्याचे बंधन झाले. पण नाव छापले म्हणजे विणले कोठे ते कळत नाही.

जागेचा नफा

गिरणीमालकांचा खरा डाव कापडात उरलाच नव्हता, हे पुढे स्पष्ट झाले. गिरण्यांखाली सुमारे ६०० एकर जमीन होती आणि ती मुंबईच्या मध्यावर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत असे ठरले की गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकासाठी. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची करायची, इमारतींखालची सोडून. गिरणी म्हणजे इमारतीच. त्यामुळे शहराच्या आणि घरांच्या वाट्याला तुकडे आले. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. त्याआधी २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने लोअर परळची मुंबई टेक्सटाइल मिलची जागा ७०२ कोटींना आणि दादरच्या कोहिनूर मिलची ४२१ कोटींना विकली होती. कित्येक वर्षे कापड विणूनही असा पैसा दिसला नसता. कामगारांच्या घरांसाठी पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली, संपानंतर तीस वर्षांनी. अर्ज दीड लाखाच्या घरात आणि घरे काही हजार.

भिवंडीत आता तेच दिसू लागले आहे. नोटाबंदी २०१६ ची, जीएसटी २०१७ चा. आधीच दमलेला मजुरीवाला त्यात आणखी वाकला. मग शेडची जागा गोदामाला भाड्याने दिली तर मागांपेक्षा जास्त मिळते, असा हिशोब पुढे आला. गोदामे मोठ्या कंपन्यांच्या मालाची. माग किलोच्या भावाने भंगारात गेले. त्यांत १९८२ नंतर गिरणीतून आलेले काही साचेही असतील. म्हणजे ते दुसऱ्यांदा भंगारात गेले.

बीम घेण्यापूर्वी

ज्यांचे माग अजून चालू आहेत त्यांच्यासाठी, आणि शिलाई, कटाई, चामडे, जरी अशा कोणत्याही कामात बाहेरचा माल मजुरीवर करून देणाऱ्यांसाठी काही गोष्टी लिहितो. इचलकरंजीच्या विणकरांनी सहकारी सूतगिरण्या आणि सायझिंग काढून सुताची एक बाजू तरी थोडी आपल्या हातात घेतली. आपल्याकडे तसे प्रयत्न झाले, काही चालले, काही भाऊबंदकीत बुडाले. तो विषय मोठा आहे. पुढे कधी घेऊ.

चलनाचे मात्र आजच करता येते. बीम उतरवून घेताना चलनावर सुताचे वजन, पीक, पन्हा, घट किती टक्के मान्य, डाग कशाला म्हणायचे आणि वटाव जास्तीत जास्त किती, हे लिहून दलालाची सही घ्यावी. तोंडी बोलण्यावर विणलेल्या ताक्याचा वटाव महिन्याने दुप्पट होतो, हा सर्वांचा अनुभव आहे.

दुसरे पैशांच्या मुदतीचे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ चा आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु कारखानदाराने माल करून दिला तर घेणाऱ्याने लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावेत आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू नये. लेखी काहीच ठरले नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार सुलभीकरण परिषदेकडे करता येते. पुढे २०२३ च्या वित्त कायद्याने असेही केले की अशा कारखानदाराचे पैसे मुदतीत न दिल्यास घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आपल्या आयकरात वजा करता येऊ नये. याचा बोभाटा २०२४ च्या मार्चमध्ये कापडबाजारात चांगलाच झाला. काही व्यापाऱ्यांनी झटपट पैसे दिले. काहींनी नोंदणी असलेल्या कारखानदाराला माल देणेच बंद करतो, अशी धमकी दिली.

धमकीचे कारण उघड आहे. एका कारखानदाराने ४५ दिवसांचा आग्रह धरला तर बीम शेजारच्या शेडमध्ये उतरतो, आणि शेजारी तो आनंदाने उतरवून घेतो. १९८२ साली आपणही असाच उतरवून घेतला होता. म्हणून नोंदणी करायची तर गल्लीतल्या सर्वांनी एका आठवड्यात करावी. आणि पिकाचा खालचा दर ठरवायचा तर आपल्या विणकरांनाही त्या बैठकीत बसवावे, कारण दर पडला की पहिला पैसा त्यांच्याच मजुरीतून जातो. वरचा हिशोब त्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा. आकडे आपापल्या गावचे घालावेत. वटाव, व्याज आणि झीज यांच्या ओळी मात्र गाळू नयेत.